मालनअक्कांच्या दारावरची नोटीस

सकाळी साडेसातला मी हिंगणपूरच्या तेली गल्लीत गुडघे टेकून बसलो होतो आणि गटाराचं लोखंडी झाकण सरकवून त्यात नाक घातलं होतं. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून बायका हातातली कामं टाकून बघत होत्या. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा नवा साहेब डोक्याने जरा कमी आहे, अशी बातमी दुपारपर्यंत गावभर झाली असणार.

"आंबट?" मी मान वर करून विचारलं.

इलाही आत्तार माझ्यामागे पहार धरून उभे होते. केंद्रावरचे सगळ्यात जुने ऑपरेटर, अकरा वर्षं तिथेच. त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या अत्तर विकायचा धंदा, त्यामुळे नाकावर माझ्यापेक्षा त्यांचाच अधिकार मोठा.

"आंबटच," ते म्हणाले. "पर सायेब, कशाला त्याच्या मागं लागताय? आंबट येतंय ते येऊ द्या की. काय वाईट करत न्हाई ते."

मी त्यांना नियम ऐकवला. गटारात घरगुती सांडपाणी सोडून दुसरं काही येता कामा नये. इलाहीभाईंनी पहार या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि पुढच्या झाकणाकडे चालू लागले. वाद घालायची त्यांना सवय नव्हती आणि ऐकून घ्यायची मला नव्हती.

तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. रसायनशास्त्राची पदवी, चिपळूणची हुशारी आणि खिशात नव्या नोकरीचं पत्र. श्रावणाच्या सुरुवातीला हजर झालो तेव्हाच मुख्याधिकारी लोखंडे मॅडमनी मला समोर बसवून परिस्थिती सांगितली होती. बाहेर पडणाऱ्या पाण्यात नायट्रोजन लिटरमागे सतरा मिलिग्रॅम येत होता, हवा होता दहाच्या आत. त्या पाण्यावर खालच्या तलावात हिरवी साय धरली होती आणि मासे उलटे पडत होते. श्रावण, भाद्रपद, आश्विन असे सलग तीन महिने सरकारी प्रयोगशाळेचे लोक नमुना नेणार. तिन्ही दहाच्या आत आले तर केंद्र नगरपालिकेकडेच राहील. एक जरी वर गेला तर ठेकेदार येईल, तो त्याची माणसं आणेल आणि इलाहीभाईंसकट तिथली सातही माणसं घरी बसतील. माझी बदली तरी झाली असती. त्यांना बदली नव्हती.

काम मुळात साधं होतं. केंद्रात दोन मोठे हौद. दुसऱ्या हौदात खालून हवा सोडलेली. तिथले सूक्ष्म जीव सांडपाण्यातल्या अमोनियाचं नायट्रेट करतात. ते पाणी पंपाने उचलून परत पहिल्या हौदात आणायचं. पहिल्यात हवा नाही. तिथल्या जिवांचा श्वास कोंडतो, मग ते नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन हवेत निघून जातो. जिथून आला तिथे परत. मी आल्या आल्या तो परतीचा पंप दुप्पट वेळ चालवायला लावला. पहिला नमुना आला नऊ. दुसरा आला साडेआठ.

मग काय विचारता. जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो मी. लोखंडे मॅडमनी जिल्ह्याच्या सत्काराच्या यादीत माझं नाव पाठवलं. पंपाबद्दल मी सहा पानांचं टिपण लिहिलं, त्याला आकृत्या जोडल्या. इलाहीभाईंच्या नोंदवहीत पार शेवटी 'वास' असा एक रकाना त्यांनी स्वतःच आखलेला होता. त्यात ते 'आंबट', 'साबणाचा', 'मातकट', 'लग्नाचा' असलं काहीबाही लिहीत. लग्नाचा म्हणजे काय, तर जेवणावळीचं तेल. हे विज्ञान नाही म्हणून मी तो रकाना बंद करवला. आणि मग, पोट भरल्यावर माणसाला जे उद्योग सुचतात त्यातला एक मला सुचला. नऊवर आलोय, साडेआठवर आलोय, आता तो आंबट चोर पकडला तर सहावर येऊ.

बारा झाकणं उघडून आम्ही चोराच्या दारात पोचलो. तेली गल्लीच्या टोकाला मालनअक्का शेटे यांचं श्रीखंडाचं घरगुती दुकान होतं. मागच्या पडवीत आडव्या बांबूंना पांढऱ्या कापडाची गाठोडी ओळीने टांगलेली, खाली पातेली. पातेली भरली की त्यातलं पाणी मोरीत. चार बायका कामाला होत्या आणि सणासुदीला रोज चारशे-पाचशे लिटर चक्क्याचं पाणी आमच्या गटारात येत होतं.

मालनअक्का पन्नाशीच्या, उंच, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी कायदा सांगत होतो तोवर त्या हातातलं फडकं घडी करत राहिल्या. "बरं," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, बाई घाबरली नाही म्हणजे ऐकायची नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी नोटीस टाइप करून आणली आणि त्यांच्या दारावर, गल्लीच्या बाजूने, स्वतः शिजवलेल्या मैद्याच्या खळीने चिकटवली. गणपतीच्या आराशीसाठी खळ करायला मला आजोबांनी शिकवलं होतं. ती कधी सुटत नसे.

अक्कांनी त्याच दिवसापासून मोरी बंद केली. पाणी कॅनमध्ये भरून टेम्पोने कुठल्यातरी गोठ्यावर पाठवायला लागल्या.

चौथ्या दिवशी आमची पट्टी गुलाबी झाली. रोज सकाळी बाहेरच्या पाण्यात आम्ही एक कागदी पट्टी बुडवायचो. नायट्रेट नसेल तर पांढरी राहते, असेल तितकी गुलाबी होते. दोन महिने ती जेमतेम रंग धरत होती. आता ती नवरीच्या शालूइतकी झाली. मी पंप वाढवला, पंप कमी केला, हवा कमी केली. आकडा बारा, मग चौदा, मग सोळा. तिसऱ्या नमुन्याला आठ दिवस उरले होते आणि माझ्या सहा पानांच्या टिपणातलं एक वाक्यही कामाला येत नव्हतं. बाकीचे ऑपरेटर मला काही बोलत नसत, पण मी आलो की त्यांच्या गप्पा थांबत, आणि ते बोलले असते तर बरं झालं असतं.

शेवटी एका दुपारी मी जुन्या नोंदवह्या घेऊन बसलो. पाहतो तर समासात, पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात इलाहीभाईंनी वास लिहिणं चालूच ठेवलं होतं. आंबट. आंबट. आंबट. बुधवार आंबट. गुरुवारी काहीच नाही. शुक्रवारी पट्टी जरा गुलाबी. पुन्हा शनिवारी आंबट, रविवारी पट्टी पांढरी. मी सगळे गुरुवार शोधले. एकही चुकला नाही.

"इलाहीभाई, गुरुवारी काय असतं?"

"अक्कांचा उपास. कामाला सुट्टी." ते बाकावर माझ्यासमोर बसले. "सायेब, ह्या भागात नळ चोवीस तास गळत्यात. आपल्याकडं येतंय ते पातळ पाणी. पैल्या हौदातल्या जीवांना श्वास घ्यायला तुमी नायट्रेट दिलं, पर पोटाला? उपाशी माणूस काम कसं करंल? अक्कांचं आंबट पाणी म्हंजे साखरच की ती, दुधातली."

मी विचारलं की हे त्यांना माहीत होतं तर सांगितलं का नाही. ते म्हणाले, "सांगितलं की. झाकणापाशी."

खरंच सांगितलं होतं. पहिल्या हौदात अन्न कमी पडलं तर नायट्रेट तसंच राहतं, हे मी पदवीला पाठ करून लिहिलं होतं, त्यावर मार्कही मिळवले होते. ज्या अन्नावर माझे दोन नमुने पास झाले तेच मी नियमाने तोडलं होतं आणि श्रेय पंपाला दिलं होतं. अशा वेळी माणसाला रडू येतं म्हणतात. मला हसू आलं, आणि इतकं आलं की इलाहीभाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

गटारातून आंबट पाणी पुन्हा सोडायला सांगणं नियमात बसत नव्हतं. पण कॅनमधून केंद्रावर आणून, मोजून पहिल्या हौदात घालणं बसत होतं, फक्त मुख्याधिकाऱ्यांची सही हवी होती. सही हवी तर कारण सांगायला हवं. आणि कारण सांगायचं म्हणजे माझ्या पंपाचं काय झालं तेही सांगायला हवं.

लोखंडे मॅडमच्या टेबलावर माझं टिपण होतं. वर लाल शाईने 'उत्तम' लिहिलेलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, खळीसकट. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जिल्ह्याला तुमचं नाव गेलंय, टेंभेकर."

"ते कापा, मॅडम. इलाही आत्तारांचं घाला. पण आधी सही करा. सहाच दिवस राहिलेत."

त्यांनी सही केली. कागद देताना म्हणाल्या की पंपाचं टिपण त्या ठेवून घेणार आहेत, पुढे कुणी नवा साहेब आला की वाचायला द्यायला.

मी आणि इलाहीभाई तसेच तेली गल्लीत गेलो. माझ्या हातात शिक्क्याची फाइल. दारावर माझी नोटीस दिमाखात. अक्कांनी दार उघडलं, फाइलकडे पाहिलं आणि बाजूला झाल्या. आत त्यांच्या चारही बायका कामावर होत्या. आम्हाला पाहताच त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि भिंतीला ओळीने उभ्या राहिल्या. त्यातल्या सगळ्यात थोरल्या तानूबाईंनी डोक्यावर पदर घेतला.

"अक्का, मी जरा—"

"आधी बसा," अक्का म्हणाल्या. "दसरा तोंडावर हाय. माझ्या दारातनं तोंड गोड केल्याबिगर कोण गेलं न्हाई."

त्यांनी दोघांपुढे वाट्या ठेवल्या. केशर घातलेलं ताजं श्रीखंड, वर चारोळ्या. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा अक्कांनी आणखी वाढलं. पाच बायका गप्प उभ्या राहून मला खाताना बघत होत्या. मला वाटलं, ही बाई माझी खोड मोडतेय. तोंड भरलं की साहेबाला कायदा सांगता येणार नाही. श्रीखंड इतकं सुरेख होतं की मला त्या मोडण्याचं दुःखही करता येईना.

वाटी संपल्यावर मी सांगितलं. की चूक माझी. की तुमचं चक्क्याचं पाणी आम्हाला हवंय. रोज, सगळं, आमची गाडी येऊन घेऊन जाईल. ते नाही मिळालं तर सोमवारी नमुना नापास होईल आणि इलाहीभाईंसकट सात माणसं घरी बसतील.

अक्का हळूच खाली पाटावर बसल्या. "परत सांगा," म्हणाल्या. मी परत सांगितलं. त्यांनी तानूबाईंकडे पाहिलं. तानूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या. मला काही उमजलं नाही.

"देतो की," अक्का म्हणाल्या. "पर दारावरचा कागद तुमी लावलाय. तुमीच काढायचा. आत्ता."

काढायला गेलो तर निघेना. आजोबांनी शिकवलेली खळ. पाणी लावलं, नखं लावली. आतून उलथनं आलं. गल्ली गोळा झाली. एका आजींनी गरम पाण्याचा उपाय सांगितला, दुसऱ्या म्हणाल्या रॉकेल. कुणीतरी विचारलं, साहेब दार विकत घेतलंय का. पाऊण तास मी ते दार खरवडत होतो, घाम गळत होता, आणि इलाहीभाई ओट्यावर बसून दुसरी वाटी खात होते. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, पुढे नोकरीत सत्कारांना वाजलेल्या टाळ्या मला आता आठवत नाहीत, त्या मात्र आठवतात.

त्याच संध्याकाळी पहिले दहा कॅन आले. पहिल्या हौदात आम्ही ते एकदम न ओतता बारीक धारेने सोडत राहिलो. दसऱ्याच्या मागणीने अक्कांचं काम वाढलं तसे कॅनही वाढले. शनिवारी हौदाच्या कडेला वाकून पाहिलं तर पाण्यावर बारीक बुडबुडे फुटत होते, सगळीकडे. इलाहीभाईंनी मला बाहीला धरून ते दाखवले. नायट्रोजन निघून चालला होता. रविवारी पट्टी जवळजवळ पांढरी राहिली. सोमवारी प्रयोगशाळेचे लोक आले, बाटली भरली, सील केली आणि गेले. मग वाट पाहणं आलं, आणि त्यात मी अगदीच कच्चा.

निकाल आला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. नेमक्या त्याच वेळी अक्का आणि त्यांच्या चौघीजणी केंद्रावर आल्या होत्या, आपट्याची पानं घेऊन. काल मागणीच्या गर्दीत सोनं द्यायला सवड झाली नाही म्हणाल्या. आणि आपलं पाणी जातंय कुठं तेही बघायचं होतं. घाणीच्या जागी सोनं लुटायला आपण होऊन आलेली ती पहिली माणसं. इलाहीभाई त्यांना हौद दाखवत होते. ह्यातले हवा खाणारे, त्यातले अक्कांचं खाणारे. तानूबाईंनी नाकाला पदर लावायचं कारणच पडलं नाही म्हणून तक्रार केली.

तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला. लोखंडे मॅडमनी नमस्कार वगैरे काही न करता आकडा सांगितला. पाच पूर्णांक आठ.

मी बाहेर आलो आणि आकडा म्हणालो. सातही ऑपरेटर तिथे होते, ज्यांची पाळी नव्हती तेसुद्धा. इलाहीभाई कठड्यावर बसले आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि ते हसतायत की रडतायत हे कळेपर्यंत सगळेच एकमेकांच्या गळ्यात पडले होते. माझ्याही.

अक्का जरा बाजूला उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, पाच म्हणजे कमी झालं ना, आणि कमी झालेलं चांगलं ना. मी म्हटलं, चांगलं म्हणजे सात घरांचं चांगलं. मग मी त्यांना म्हणालो, "अक्का, त्या दिवशी तुम्ही मला श्रीखंड चारचारून चांगलीच शिक्षा केलीत. बोलू दिलं नाहीत."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "शिक्षा?" त्या म्हणाल्या. "अवो सायेब, तुमी शिक्क्याचे कागद घिऊन आलासा. मला वाटलं, टाळं लावायला आलासा."

"टाळं?" मी म्हटलं.

"टेम्पोचं भाडं परवडत नव्हतं. नोटीस लागली त्या दिवशीच मी पोरींना सांगून टाकलं हुतं, दसरा झाला की दुसरीकडं बघा. चूल लई तर दसऱ्यापतूर. तुमी दारात दिसलासा तवा तानूबाई म्हणाली, आजच आलं बघा. मी म्हणलं, असू दे. शेवटचं तर शेवटचं, टाळं लावणारा बी माझ्या दारातनं उपाशी जायाचा न्हाई."

त्या चौघी भिंतीला का उभ्या राहिल्या होत्या, तानूबाई आत का गेल्या होत्या, हे मला तिथे, हौदाच्या कठड्यापाशी कळलं. मी माफी मागायला लागलो, पण अक्कांना आता हसू फुटायला लागलं होतं. त्यांनी तानूबाईंच्या खांद्यावर हात ठेवून तोल सावरला.

"आणि मागितलासा काय," त्या म्हणाल्या, "तर आमी मोरीत वततो ते."